बदल झाला आहे, नोंद घ्यावी

बँकेतल्या माणसाला दोन गोष्टींची भीती वाटत नाही. एक पैशाची, कारण तो दुसऱ्याचा असतो. आणि दुसरी परिपत्रकाची, कारण ते त्याने वाचलेलं नसतं. गेली वीसेक वर्षं मी पुण्यातल्या एका बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. एवढ्या काळात माझ्या टेबलावरून जेवढी परिपत्रकं सरकली, तेवढ्या शंभराच्या नोटा माझ्या खिशात सरकल्या असत्या, तर आज मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला असतो. किंवा तुरुंगाच्या आतल्या. असो.

बी. कॉम. करताना मला जमाखर्च शिकवला, लेखापरीक्षण शिकवलं, घसारा कसा काढावा तेही शिकवलं. (तो आता मी आरशात पाहून काढतो.) पण लोकांना एखादा बदल झाला हे कसं सांगावं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. ती विद्या शाखेत वंशपरंपरेने येते. वरून इंग्रजी मजकूर येतो आणि शाखेत ज्याचं मराठी 'बरं' असेल त्याच्या गळ्यात पडतो. मी दिवाळी अंकांतून अधूनमधून विनोदी लिहितो हे साहेबांच्या कानावर गेल्यापासून शाखेतल्या सर्व गंभीर सूचना मी लिहितो.

सूचना लिहिण्याचं एक व्याकरण आहे. सुरुवात 'सर्व संबंधित खातेदारांस याद्वारे कळविण्यात येते की' अशी करायची. मग नियमाचा क्रमांक, कलमाचा क्रमांक, दोन स्वल्पविराम, एक 'अन्यथा' आणि शेवटी 'याची कृपया नोंद घ्यावी'. नोंद कुठे घ्यावी, कशाने घ्यावी आणि घेतली नाही तर काय होईल, हे सांगायचं नाही. आता हा 'संबंधित खातेदार' म्हणून जो कोणी आहे तो वीस वर्षांत मला एकदाही भेटलेला नाही. बोर्डासमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस शेजारच्याला संबंधित समजतो आणि पासबुक भरायच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

आणि हे पुण्यात! ज्या शहरात घराच्या दारावरची चार ओळींची पाटीसुद्धा काय करू नये, कोणी करू नये आणि केलं तर आम्ही तुमच्याबद्दल काय समजू, हे तिन्ही स्वच्छ सांगते, त्या शहरात! पण तोच पाटीवाला पुणेकर सकाळी जेवून नोकरीवर गेला की त्याच्या लेखणीतलं क्रियापद पाचव्या ओळीपर्यंत सापडत नाही.

पाचव्या ओळीचं हे गणित माझं नव्हे. ते एका बाईंचं आहे. त्यांची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, हे वाचकांना आठवत असेल. त्या वर्ष-दोन वर्षांच्या धामधुमीत आमच्याही शाखेची पाटी बदलली. पाटी बदलायला शिडी आणि दोन माणसं पुरतात. पण तिच्यामागून आयएफएससी बदलला, चेकबुकं बदलली, आणि जुनी चेकबुकं ३१ मार्च २०२१ नंतर चालणार नाहीत असं ठरलं. मी सूचना लिहिली. चांगली दीड पान लिहिली. साहेब खूश झाले. काचेच्या पेटीत ती लावली. पेटीला कुलूप घातलं. त्या पेटीसमोर तेव्हा अंतर राखायची दोरी बांधलेली होती, त्यामुळे सूचना वाचायची तर दुर्बीण हवी होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

एप्रिलात एके दिवशी दोरीपलीकडे त्या बाई येऊन उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका, शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेलं. तोंडाला मास्क, पण जे सांगायचं ते डोळ्यांतून सगळं दिसत होतं. नातीच्या क्लासच्या फीचा चेक परत आला होता.

"आयुष्यात माझा चेक कधी परत आला नव्हता हो," त्या म्हणाल्या.

"बाई, आम्ही नोटीस लावली होती. मोबाइलवर मेसेजही गेले होते."

"मेसेज मला लॉटरी लागल्याचेही येतात."

यावर उत्तर नव्हतं. मी पेटी उघडून सूचना त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली. अशी वाचलेली माझी ती पहिलीच सूचना. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "क्रियापद पाचव्या ओळीत आहे. पण यात मी कुठे आहे?"

नवं चेकबुक मी त्यांना चार दिवसांत दिलं, क्लासवाल्यांनाही फोन केला. पण पुढे कित्येक दिवस कुठलीही सूचना लिहायला घेतली की तो प्रश्न पेनाच्या टोकाशी येऊन बसायचा. यात मी कुठे आहे?

त्याचं उत्तर मला तीन वर्षांनी मिळालं, आणि तेही बँकेत नव्हे, घरी. माझ्या भाच्याच्या कृपेने.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि आमच्याकडे राहायचा. त्याच्या लहानपणी मी त्याला खेळण्यातल्या गाड्या आणून द्यायचो आणि तो त्या उघडून ठेवायचा. मोठेपणी गाड्या परवडेनात म्हणून त्याने माझा कॉम्प्युटर उघडला. त्यातल्या विंडोज ७ चा सांभाळ कंपनीने १४ जानेवारी २०२० पासून सोडलेला होता. तेव्हा त्या अनाथ यंत्राला भाच्याने दत्तक घेतलं आणि त्यात फेडोरा नावाची फुकटातली लिनक्स घातली. फुकट म्हटल्यावर मी विचारपूस केली नाही. हाही माझ्या धंद्याचा उलटा परिणाम.

पण पुढे कळलं की त्याने साधी फेडोरा घातलेलीच नव्हती.

"मामा, पक्की आवृत्ती काय सगळेच वापरतात. मी रॉहाइड घातलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कच्चं कातडं."

कातड्याची चप्पल झाल्यावरसुद्धा ती आठ दिवस चावते. हे तर चप्पल व्हायच्या आधीचं कातडं! मी काळजीत पडलो. भाच्याने मग मामाच्या बुद्धीला झेपेल असं सांगितलं. फेडोराची पक्की आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. ती म्हणजे वाढलेलं ताट. रॉहाइड म्हणजे स्वयंपाकघर. कढईत रोज काहीतरी नवीन पडतं, कधी फोडणी जमते, कधी करपते. तिथे पाटावर बसून जेवायचं नसतं. चव घेऊन 'मीठ जास्त झालंय' असं ओरडायचं असतं. असं स्वयंपाकघर डेबियन नावाच्या दुसऱ्या बिऱ्हाडातही आहे. त्याचं नाव 'सिड'. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात, आणि सिड म्हणजे त्यातला शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. मी भाच्याकडे पाहिलं. नाव योग्य घरी आलं होतं.

आणि फेडोराचं पुण्याशी नातंही आहे बरं का! २०११ च्या नोव्हेंबरात सीओईपीत आणि २०१५ च्या जूनमध्ये कोथरूडला एमआयटीत फेडोरावाल्यांची संमेलनं भरली होती. लोहित म्हणून जे मोफत देवनागरी वळण आहे, त्याची निगा रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी राखली. संमेलन भरवायचं, अक्षराला वळण लावायचं आणि वर फुकट सल्ला द्यायचा, हे तिन्ही पुण्याच्या रक्तातच आहे. तेव्हा मी रॉहाइडला घरात राहू दिलं. एवढंच नव्हे, आमच्या सोसायटीचा खजिनदार या नात्याने सोसायटीचे हिशेबही त्यावरच ठेवू लागलो. ही चूक मी आता जाहीर कबूल करतो, कारण सोसायटीचं ऑडिट झालेलं आहे.

मला कुतूहल एकाच गोष्टीचं होतं. रोज बदलणारी वस्तू वापरणाऱ्याला हे लोक बदल सांगतात तरी कसे? आम्ही वर्षातून चार बदल करतो आणि लोक आम्हांला मारायला उठतात.

भाच्याने दाखवलं. फेडोरात मोठा बदल करायचा तर आधी एक फॉर्म भरावा लागतो. फॉर्म म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. रकाने असे: बदलाचा धनी कोण, फायदा काय, वापरणाऱ्याला काय वेगळं दिसेल, नीट झालं की नाही हे तपासायचं कसं, आणि बदल फसला तर मागे कसं यायचं. मग एक समिती त्यावर मतं देते. फ्रीबीएसडी नावाचं तिसरं एक बिऱ्हाड आहे. त्यांच्याकडे बदलांची एक फाइल असते, तारीखवार, ताजी नोंद सगळ्यांत वर. आणि त्या कच्च्या आवृत्तीत अगदी आरंभी एक टीप, खास ज्यांना ही फार हळू चालते असं वाटतं त्यांच्यासाठी: चुका पकडायची साधनं मुद्दाम चालू ठेवली आहेत म्हणून ती हळू आहे. मी ते तीनदा वाचलं. ग्राहकाने तक्रार करण्यापूर्वीच त्याची तक्रार त्यालाच समजावून सांगणारी सूचना मी जन्मात पाहिली नव्हती.

'फसलं तर मागे कसं यायचं' हा रकाना तर मी वहीत उतरवून घेतला. आमच्या वीस वर्षांतल्या एकाही परिपत्रकात तो नव्हता. आमच्याकडे बदल फसत नाही, खातेदार फसतो.

आता २०२४ च्या मार्चअखेरीकडे या. मार्चअखेर म्हणजे बँकवाल्यांचा आषाढ. वारी एकदम अंगावर येते. २९ तारखेला गुड फ्रायडेची सुट्टी, ३० ला शनिवारी रंगपंचमी पण बँक चालू, आणि ३१ ला रविवार असूनही सरकारी भरणा घेणाऱ्या शाखा उघड्या ठेवा असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम. शनिवारी मी खिडकीत बुडालेलो, मोबाइल ड्रॉवरमध्ये. भाचा रात्री मित्राकडे चिंचवडला गेलेला. घरी आमची सौ. आणि सोसायटीचे अध्यक्ष नाना. नाना आमच्या कॉम्प्युटरसमोर बसून देखभाल खर्चाची थकबाकी काढत होते, म्हणजे मोठ्याने नावं वाचत होते.

सकाळी दहाला भाच्याचा मेसेज आला. मला आणि मामीला, दोघांनाही. 'मशीन बंद करा. आत्ता. पुन्हा लावू नका. नंतर सांगतो.'

सौ.ने तो वाचला. मुलगा इंजिनिअर होणार, सांगतोय तर काहीतरी कारण असेल, असं म्हणून ती तातडीने उठली आणि तिने कपडे धुवायचं मशीन बंद केलं.

त्यात माझे रविवारसाठीचे तीन पांढरे शर्ट होते. सोबत आमच्या कन्येचा रंगपंचमीचा फ्रॉक होता. 'पुन्हा लावू नका' असा स्पष्ट हुकूम असल्याने मंडळी संध्याकाळपर्यंत एकाच पाण्यात राहिली. पलीकडच्या खोलीत खरं 'मशीन' दिवसभर सुखाने घरघरत होतं आणि नाना थकबाकीदारांचा उद्धार करत होते.

संध्याकाळी भाचा धापा टाकत आला. प्रथम त्याने नानांना उठवलं, मग कॉम्प्युटरची वायर ओढली. नाना म्हणाले, "कारण लेखी द्या." पुणेरी सोसायटीचा अध्यक्ष आग लागली तरी कारण लेखी मागतो.

कारण खरोखरच लेखी होतं. भाच्याने मोबाइलवर ते दाखवलं. रेड हॅटने २९ तारखेला प्रसिद्ध केलेली सूचना. मी ती व्यावसायिक नजरेने वाचली आणि टोपी असती तर काढली असती. कोणासाठी? रॉहाइड वापरणाऱ्यांसाठी. काय करा? ताबडतोब वापर थांबवा, कामाचा असो की घरगुती. कुणाला धोका नाही? आमची विकतची पक्की आवृत्ती वापरणाऱ्यांना. कधीपर्यंत? रॉहाइडमधला तो भाग जुन्या आवृत्तीवर परत नेईपर्यंत. तो लवकरच नेत आहोत. संपलं. एकही 'याद्वारे' नाही. त्या सूचनेत बाईंनी स्वतःला पहिल्या ओळीत शोधून काढलं असतं.

"पण झालं काय?" नानांनी विचारलं.

झालं होतं ते ऐकून माझ्यातला कारकून गहिवरला. एक्सझेड म्हणून फाइली दाबून लहान करायचं एक साधं अवजार आहे. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ते असतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आमच्या शाखेतल्या शिपायासारखं. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं त्या कामात निमूट मदत केली, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. बँकेत नाजूक जागेवरच्या माणसाला सक्तीची रजा का देतात, ते मी नानांना इथे समजावून सांगितलं. कधीच रजा न घेणाऱ्या माणसाचं कौतुक करावं, पण लांबून.

आणि तो दरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक गृहस्थ, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, डेबियनच्या सिडवर बसून काही मोजमाप करत होता. त्याला दिसलं की दूरच्या यंत्रात प्रवेश करताना जिथे ०.३ सेकंद लागायचा तिथे ०.८ लागतोय. अर्धा सेकंद! आमच्या शाखेत सर्व्हर अर्धा दिवस झोपतो आणि आम्ही चहा मागवतो. या माणसाने तेवढ्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि जगभर पसरू पाहणारी चोरी स्वयंपाकघरातच पकडली.

मला माझे पहिले साहेब आठवले. कॅशमध्ये दहा पैशांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत शाखा उघडी ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, दहा पैसे मी खिशातून घालतो." ते म्हणाले, "फरक दहा पैशांचा आहे हे तुला कोणी सांगितलं? एक लाख जास्त आणि एक लाखाला दहा पैसे कमी असं असेल तर?" त्या रात्री मी त्यांना मनात जे म्हणालो ते परत घेतो.

"मग आता मागे कसं जायचं?" मी वहीतला रकाना विचारला.

भाचा हसला. म्हणाला, डेबियनवाल्यांची गंमत बघ. तिथे आवृत्तीचा आकडा उलटा जात नाही, ५.६.१ वरून ५.४.५ वर या असं म्हटलं तर यंत्र ऐकत नाही. म्हणून त्यांनी जुनाच माल नव्या नावाने पाठवला: '५.६.१ अधिक रिअली ५.४.५'. म्हणजे नाव ५.६.१, पण खरोखर ५.४.५.

मी टाळी दिली. अरे, ही तर आमची उलट नोंद! खातेवहीत चूक झाली तर खोडायचं नसतं, पान फाडायचं नसतं. पुढच्या ओळीत उलटी नोंद करायची आणि कारण लिहायचं. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. तेवढं बी. कॉम.ला शिकवलं होतं.

भाच्याच्या मते आमच्या घरगुती यंत्राचं बहुधा काही बिघडलं नसावं. पण 'बहुधा' हा शब्द हिशेबात चालत नाही. त्याने सगळं पुसून पक्की आवृत्ती घातली. सोसायटीचे हिशेब माझ्या हस्ताक्षरातल्या वहीतून पुन्हा भरले. मग मी त्याला विचारलं, "एवढी स्वच्छ सूचना वाचून तू आम्हांला 'मशीन बंद करा' एवढंच का कळवलंस?"

"मला वाटलं, तुम्हांला कळेल कुठलं मशीन."

तोच माझा आजार, पुढच्या पिढीत. सांगणाऱ्याला सगळं माहीत असतं, म्हणून तो अर्धंच सांगतो. दुसऱ्या दिवशी मी फिकट गुलाबी शर्ट घालून शाखेत गेलो. साहेबांनी विचारलं, "काय, रंगपंचमी?" मी म्हटलं, "नाही साहेब, परिपत्रक."

त्यानंतरची मोठी परीक्षा आली ४ ऑक्टोबर २०२५ ला. रिझर्व्ह बँकेने त्या दिवसापासून चेकची नवी पद्धत आणली. सकाळी दहा ते चारपर्यंत आलेले चेक दिवसभर पुढे पाठवत राहायचे आणि ते वटणार की नाही ते संध्याकाळी सातपर्यंत कळवायचं. 'आज चेक देऊ, परवा पैसे भरू' या आपल्या जुन्या, लाडक्या प्रथेचा शेवटच! वरून चार पानी मजकूर आला. मी वही काढली, रकाने मांडले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'तुम्ही कुणाला चेक दिला असेल तर ही सूचना तुमच्यासाठी आहे. ४ ऑक्टोबरपासून चेक त्याच दिवशी वटू शकतो. म्हणून पैसे खात्यात आधिच ठेवा. नंतर भरू म्हणाल तर चेक परत जाईल. चेक दिला नसेल तर काही करायचं नाही. शंका असेल तर खिडकी क्र. ३. तिथे मी बसतो.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "यात 'याद्वारे' नाही."

"नाही साहेब."

"'संबंधित' नाही."

"आहेत ना. पहिला शब्दच 'तुम्ही' आहे."

साहेबांनी सही केली, पण चेहऱ्यावर एखाद्या बिनतारणाच्या कर्जावर सही केल्याचा भाव होता. ती सूचना मी काचेच्या पेटीत न लावता खिडकीच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावली.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. पेन्शन काढायला. सूचनेसमोर थांबल्या. मी नोटा मोजायचं सोडून त्यांच्याकडे पाहत राहिलो. दहावीच्या निकालालाही माझं एवढं धडधडलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "सापडले हो मी या वेळी. पहिल्याच ओळीत."

मग त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, परत सूचनेकडे गेल्या, आणि 'आधिच' मधली वेलांटी बदलून आल्या.

मी सूचना नव्याने लिहिली. जुनी मात्र फाडली नाही. तिच्या शेजारीच नवी लावली आणि खाली टीप दिली: 'सुधारित. कालपर्यंतचा आधिच हा खरोखर आधीच समजावा.'